दुसऱ्याच्या मुलासाठी आठवड्यातले दोन तास

दहावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत एकच धावपळ सुरू होते. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, कॉलेजांचा पसंतीक्रम, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेतून आणायची एलसी. आईवडील कामं वाटून घेतात, ओळखीच्यांना फोन करतात, एखादा कागद अडला तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तहसील कार्यालय गाठतात. यातलं निम्मं मुलाला कळतही नाही. त्याच सुमारास त्याच शाळेतल्या, कदाचित त्याच बाकावरच्या दुसऱ्या मुलाच्या घरी यातलं काहीच घडत नसतं. आई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली असते, वडील बांधकामावर किंवा परगावी असतात, आणि दोघांपैकी कोणीच दहावीपर्यंत पोचलेलं नसतं. मुलगा हुशार आहे की नाही ही पुढची गोष्ट. त्याच्यासाठी चौकशी करणारं माणूस नसतं, म्हणून अर्जाची तारीख निघून जाते.

शाळेत आणि वस्तीत मुलांना मार्गदर्शन करायची इच्छा असलेले पालक मला नेहमी विचारतात, ‘आम्ही शिक्षक नाही, समुपदेशक नाही, आम्ही काय देणार?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वतःच्या मुलाला वाढवताना शाळेची, परीक्षांची, दाखल्यांची, प्रवेशांची आणि वयात येणाऱ्या मुलाच्या मनाची जी माहिती तुमच्या अंगवळणी पडली आहे, तीच तुमची शिदोरी. शिकवणारे शिक्षक पुष्कळ मुलांना मिळतात. आपल्या बाजूने चौकशी करणारं, ठरलेल्या दिवशी न चुकता भेटणारं मोठं माणूस मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ते माणूस होणं हेच या कामाचं सार आहे. ते नीट कसं करावं, याविषयी हा लेख.

सुरुवात कुठून करावी

पहिला दरवाजा आपल्या मुलाच्या शाळेचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे शाळेच्या कारभारात पालकांना हक्काची जागा आहे. ती बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरती उरते, हे खरं. तरीही समितीच्या बैठकीत ‘आठवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर वाचनाचा तास घ्यायला आम्ही तिघे तयार आहोत’ असा नेमका प्रस्ताव आला, तर मुख्याध्यापक बहुधा आनंदाने पुढे येतात. खासगी शाळेत हेच पालक-शिक्षक संघामार्फत करता येतं. आपल्या मुलांची शाळा सुस्थितीत असेल, तर शेजारच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेकडे वळा. केंद्र शासनाने २०२१ मध्ये नव्या रूपात सुरू केलेल्या ‘विद्यांजली’ पोर्टलवर शाळा आपली गरज नोंदवतात आणि स्वयंसेवक आपलं नाव. पोर्टलवर नोंदणी जरूर करा, पण त्यावर थांबून राहू नका. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय काम सुरू होत नाही.

दुसरा दरवाजा वस्तीचा. महाराष्ट्रातल्या शहरांत वस्तीतल्या अभ्यासिकांची परंपरा चांगली रुजलेली आहे. समाजमंदिर, बुद्धविहार, गणेश मंडळाची खोली, महापालिकेचं वाचनालय, एखाद्या बचत गटाची बैठकीची जागा, यांपैकी कुठेतरी संध्याकाळी मुलं दप्तरं घेऊन बसलेली असतात. दहा बाय दहाच्या घरात टीव्ही चालू, धाकटं भावंड रडतंय आणि स्वयंपाक चाललाय, अशा वेळी मुलाला अभ्यासाला बसायला तेवढी एकच जागा असते. तिथे आधीपासून काम करणाऱ्या ताई-दादांना भेटा आणि त्यांना काय हवं आहे ते विचारा. नवी अभ्यासिका काढण्यापेक्षा चालू असलेली टिकवायला मदत करणं पहिल्या वर्षी जास्त उपयोगाचं ठरतं.

एकट्याने जाऊ नका. तीन-चार पालकांचा गट करा. एखाद्याच्या घरी आजारपण आलं, कोणाच्या मुलाची परीक्षा आली, तरी ठरलेला वार चुकणार नाही एवढी सोय गटामुळे होते. आठवड्यातले दोन तास पुरेत. पहिल्या उत्साहात रोज जाऊन दिवाळीनंतर गळून पडणाऱ्या माणसापेक्षा वर्षभर दर शनिवारी येणारं माणूस मुलांना हवं असतं. ज्यांच्या आयुष्यात मोठी माणसं येतात आणि निघून जातात, त्या मुलांना आपल्यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो. तुम्ही दुसऱ्या महिन्यातही येता हे दिसल्यावरच ती बोलू लागतात.

आधी नियम, मग गोडवा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो वगळून कामाला हात घालू नका. दुसऱ्याच्या मुलांमध्ये वावरताना विश्वास गृहीत धरायचा नसतो. तो नियमांनी जपायचा असतो.

शाळेकडून लेखी परवानगी घ्या. वार, वेळ, वर्ग आणि जबाबदार शिक्षकाचं नाव त्यात असू द्या. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळतं. शाळेने मागितलं नाही तरी ते स्वतःहून काढून द्या. गटातल्या प्रत्येकाने ते दिलं, की कोणावर संशय घेतल्यासारखं होत नाही आणि पुढे येणाऱ्यांसाठी पायंडा पडतो.

कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं बसू नका. खासगी बोलायचं असेल तर व्हरांडा, मैदानाची कड, उघड्या दाराची खोली अशी जागा निवडा, जिथे तुम्ही दिसता पण तुमचं बोलणं ऐकू जात नाही. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत. मुलींच्या गटाबरोबर एक तरी बाई हवीच. मुलाला एकट्याने घरी बोलावू नका, एकट्याला गाडीवरून सोडायला जाऊ नका. व्हॉट्सअॅपवर अल्पवयीन मुलांशी वैयक्तिक गप्पा नकोत. निरोप द्यायचा तर पालकांच्या फोनवर किंवा शिक्षक असलेल्या गटावर द्या. मुलांचे फोटो काढून ‘आज आमच्या उपक्रमात’ म्हणून टाकू नका. फाटकी चप्पल आणि वाटलेली वही हातात घेतलेलं आपलं चित्र दहा वर्षांनी त्या मुलाला कसं वाटेल, याचा विचार करावा.

पैसे, मोबाईल, महागाच्या भेटवस्तू एखाद्याच मुलाला देऊ नका. फी किंवा पुस्तकांची खरी अडचण असेल तर शाळेमार्फत आणि सगळ्या गटाच्या निर्णयाने मदत करा. एका मुलाला गुपचूप दिलेले पाचशे रुपये त्याला इतरांपासून तोडतात आणि त्याच्या आईवडिलांना अवघडून टाकतात.

पहिल्या महिन्यात शिकवू नका, ओळखा

नवा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी फळा गाठतो आणि गणित सोडवायला लागतो. त्याऐवजी पहिला महिना मुलांना ओळखण्यात घालवावा. प्रत्येकाचं नाव, घरी कोण कोण आहे, शाळेत कसं येतं, कुठला विषय आवडतो, कुठल्या बाईंची भीती वाटते, संध्याकाळी घरची कोणती कामं करावी लागतात. हे प्रश्न फॉर्म भरून घेतल्यासारखे विचारायचे नसतात. कॅरम खेळताना, वर्ग झाडताना, पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाताना ते आपोआप निघतात.

दुसरं काम म्हणजे मूल नेमकं कुठे अडलं आहे ते पाहणं. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून देशभर केलेल्या ‘असर’ पाहणीची वाचनचाचणी साधी आहे. अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल यांपैकी कुठवर सहज वाचतं ते पाहायचं. वरच्या वर्गात गेलेल्या, पण दुसरीच्या पातळीची गोष्टही अडखळत वाचणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, हे या पाहण्यांनी वर्षानुवर्षं दाखवलं आहे.

अशी मुलं सहजी सापडत नाहीत. आठवीतल्या एका मुलीची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. समासाची रेघ सरळ, अक्षर छापल्यासारखं, फळ्यावरचा एकही शब्द सुटलेला नाही. ‘आता हा उतारा वाच’ म्हटल्यावर पुस्तक तोंडाजवळ गेलं आणि नजर शेजारणीच्या ओठांकडे. साधे शब्द तिने कसेबसे ओढले. ‘स्वातंत्र्य’ आलं तेव्हा ‘सवा’ म्हणून थांबली, आणि मग सगळं वाक्यच गिळून पुढच्या ओळीवर गेली. आठ वर्षं ती उतरवत आली होती, वाचत नव्हती. अशा मुलीला सगळ्यांदेखत दुसरीचं पुस्तक दिलं तर ती पुन्हा येणार नाही. तिला पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम द्यावं. लहानग्यांसमोर वाचायचं म्हणून ती घरी तयारी करते, सोपं पुस्तक हातात असण्याला सबळ कारण मिळतं आणि ताई म्हणून मानही मिळतो. जोडाक्षरांचा सराव त्या तयारीत तुम्ही हळूच करून घ्यायचा.

मुलाची इयत्ता बाजूला ठेवून ते जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही पद्धत आता जगभर ओळखली जाते. तिची एक महत्त्वाची सुरुवात मुंबईतच झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ने वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून तयार केलं. महापालिकेच्या शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज वेगळं बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवत. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. बालसखी पदवीधर शिक्षिका नव्हत्या. नेमकं काय शिकवायचं हे त्यांना माहीत होतं आणि त्या रोज येत होत्या. पालक स्वयंसेवकांनी यातून घ्यायचा धडा एवढाच, की बीएडची पदवी नसणं ही अडचण नाही.

तेरा ते अठरा: बोलणं कमी, ऐकणं जास्त

किशोरवयीन मुलांसमोर मोठ्या माणसांना भाषण करायचा मोह होतो. मोबाईलचे तोटे, व्यसनांचे दुष्परिणाम, ‘आमच्या वेळी’. मुलं मान डोलावतात आणि काहीही घेत नाहीत. त्यांना उत्तरं देण्याऐवजी चांगले प्रश्न विचारा. ‘तू पुढे काय होणार?’ हा प्रश्न बहुतेकांना भिववतो. त्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात असं काय केलंस, ज्यात वेळ कसा गेला कळलं नाही?’ असं विचारून पाहा. कोणी मामाच्या गॅरेजमध्ये पंक्चर काढल्याचं सांगतो, कोणी मंडळाच्या ढोलपथकाचं, कोणी बहिणीच्या लग्नात मेंदी काढल्याचं. पुढची चर्चा तिथून सुरू करता येते.

नापास होण्याची घडी सगळ्यांत नाजूक असते. निकालानंतर एक मुलगा आला. सायबर कॅफेतून काढलेली गुणपत्रिकेची प्रिंट चार घड्या घालून मागच्या खिशात. गणितात २२, इंग्रजीत २९, बाकी सगळे विषय सुटलेले. ‘काकू, मी आता कामाला लागतो. चुलता म्हणतो, मार्केट यार्डात हमालीला ये.’ त्याचं वय सोळा. अशा वेळी धीराची दोन वाक्यं पुरत नाहीत, माहिती लागते. कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि आधी तो कुठे कुठे उत्तीर्ण आहे तेवढंच त्याच्याकडून वाचून घेतलं. मग सांगितलं, की दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीतून अकरावीला प्रवेश घेता येतो. पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते. तिचा अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो आणि त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. त्याला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. त्याने सगळ्यात आधी विचारलं, ‘म्हणजे वर्ष जात नाही?’

या वयाच्या मुलाला एवढं उत्तर वेळेवर मिळालं तर तो शाळेशी जोडलेला राहतो. त्यासाठी मार्गदर्शकाने गृहपाठ करून जायचं असतं.

हाताशी हवी अशी माहिती

प्रत्येक पालक-गटाने एक वही ठेवावी आणि दरवर्षी जूनमध्ये ती शाळेकडून, संबंधित कार्यालयाकडून पडताळून घ्यावी. नियम बदलतात, तारखा तर दरवर्षीच बदलतात. त्यात निदान पुढच्या गोष्टी असाव्यात.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पात्र असूनही केवळ माहिती नसल्याने किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्याने मुलं या परीक्षेला बसत नाहीत. आठवीच्या सुरुवातीलाच दाखल्याच्या मागे लागा.

दाखल्यांचा क्रम. उत्पन्न, जात, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर आणि पुढे जात वैधता. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज होतो, पण जुने पुरावे शोधायला वेळ लागतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेचा दाखला गावी असतो. दिवाळीत गावी जाताना तो आणायला सांगितला तर जूनमधली घालमेल वाचते. मुलाचं नाव आधार कार्डावर, शाळेच्या रजिस्टरमध्ये आणि बँकेच्या पासबुकात सारखं आहे का, तेही नववीतच पाहून घ्या. एका वेलांटीच्या फरकाने शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात.

दहावीनंतरच्या वाटा. आयटीआय म्हणजे नापासांची जागा, हा गैरसमज काढून टाकणं हे पालकांचं मोठं काम आहे. वेल्डर, वायरमन यांसारखे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही खुले असतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं, मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहे. कामाला लागलेल्या मुलांसाठी मुंबईत अजूनही रात्रशाळा चालतात.

मुलींसाठी एक गोष्ट घरोघरी सांगितली पाहिजे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून घ्यावा लागतो. ‘मुलीच्या इंजिनिअरिंगला पैसा कुठून आणू’ असं म्हणणाऱ्या वडिलांना तंबी देण्यापेक्षा हा शासन निर्णय दाखवणं जास्त कामी येतं.

त्या मुलाच्या आईवडिलांना मागे सारू नका

आपण मुलाला जवळ केलं, की नकळत त्याच्या घरच्यांशी तुलना सुरू होते. ‘तुझे वडील लक्षच देत नाहीत का?’ असं वाक्य एकदाही तोंडून जाऊ देऊ नये. रात्रपाळी करून आलेला बाप पालकसभेला येत नाही, त्याला लेकराची काळजी नसते असं नाही. त्याला शाळेच्या दारात अवघडल्यासारखं होतं आणि दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून भेट त्यांच्या सोयीने घ्या, रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा, आणि पहिल्या भेटीत मुलाची एक चांगली गोष्ट सांगा. शाळेकडून तक्रारच ऐकायची सवय झालेल्या घरात ‘तुमची मुलगी लहान मुलांना फार छान गोष्ट वाचून दाखवते’ एवढं वाक्य पुष्कळ काम करतं. घरात वडीलधाऱ्यांना विचारूनच बसावं, चहा दिला तर घ्यावा. त्या घराचा मान राखला तरच मुलाशी असलेलं नातं टिकतं.

मुलाचे आईबाप होण्याचा प्रयत्न करू नका. त्याच्या ओळखीतलं एक भरवशाचं मोठं माणूस एवढीच आपली जागा. निर्णय त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. तुम्ही विज्ञान शाखा सुचवली आणि त्याने हॉटेल मॅनेजमेंट निवडलं, तर त्या वाटेवरची माहिती आणून द्या.

स्थलांतराचा प्रश्न वेगळा समजून घ्या. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात, तेव्हा सातवी-आठवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर जाते आणि तिचं नाव फक्त पटावर उरतं. अशा गावातल्या पालकांनी शाळेशी बोलून हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, आजीजवळ किंवा शेजारी मुलीला ठेवता येईल का, हे सप्टेंबरमध्येच पाहावं. टोळी निघाल्यावर काही करता येत नाही.

गंभीर गोष्ट कानावर आली तर

मुलं विश्वास ठेवू लागली की कधीतरी जड गोष्ट सांगतात. घरात मार, कोणाचा नकोसा स्पर्श, लग्न ठरवल्याची बातमी, जगणं नकोसं झाल्याचे शब्द. अशा वेळी शांतपणे ऐका. ‘खरंच का?’, ‘मग तू का गेलीस तिकडे?’ असे प्रश्न विचारू नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस’ म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन’ असं स्पष्ट सांगा.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. शहानिशा करत बसणं, ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून आपापसात मिटवणं, संबंधित माणसाला बोलावून विचारणं, यांतलं काहीही करू नये. २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचे शासनाचे आदेश आहेत. आपल्या शाळेत ती आहे का आणि तिच्या बैठका होतात का, हे पालकांनी विचारत राहावं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. या हेल्पलाईनची सुरुवातही १९९६ मध्ये मुंबईत झाली. मानसिक त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. मुलं ते वाचून ठेवतात.

मुलीचं अठराच्या आत लग्न ठरत असेल तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. अंगणवाडी ताईंनाही सांगता येतं. लग्न थांबवल्यावर मात्र त्या मुलीला एकटं सोडू नका. तिची शाळा चालू राहील, घरचा राग तिच्यावर निघणार नाही, हे पाहणं तितकंच गरजेचं असतं.

आपलं घर आणि हे काम

स्वतःचं मूल त्याच शाळेत असेल तर त्याच्याशी आधी बोला. आई किंवा बाबा आपल्या वर्गमित्रांमध्ये वावरणार याचा काही मुलांना अभिमान वाटतो, काहींना संकोच. शक्यतो त्याच्या वर्गात न जाता दुसरा वर्ग घ्या. तिथे कळलेली इतर मुलांची गुपितं जेवणाच्या ताटावर निघू देऊ नका. आपल्या मुलाला कुठलीही वेगळी वागणूक मिळणार नाही, हे शिक्षकांनाही सांगून ठेवा. दोन तास बाहेर दिले म्हणून घरी मन दुसरीकडेच, असं होऊ लागलं तर काम कमी करा. गट त्यासाठीच असतो.

कामाचं मोजमाप साधं ठेवा. किती मुलं वर्षभर शाळेत टिकली, किती जणांचे दाखले वेळेत निघाले, कोण आता गोष्ट सलग वाचतं. बक्षीस समारंभ, बॅनर, हारतुरे यांत शक्ती घालवू नये. गाव किंवा नोकरी बदलल्यामुळे थांबावं लागलं, तर महिनाभर आधी मुलांना सांगा, जागी येणाऱ्याची ओळख करून द्या, वही त्याच्या हाती सोपवा. न सांगता नाहीसं होणं मुलांना फार लागतं.

ज्यांच्यासाठी कोणी चौकशी केली, ती मुलं मोठी झाल्यावर दुसऱ्यांसाठी चौकशी करतात. अभ्यासिकांमधल्या कितीतरी ताई-दादा आधी तिथेच बसून शिकलेले असतात, आणि आपल्या खालच्या इयत्तेच्या मुलांना कुठला अर्ज कधी भरायचा हे त्यांना तोंडपाठ असतं. सगळ्या वस्तीला ही सवय लागावी, एवढी मोठी आकांक्षा धरूनच हे काम करावं. सुरुवात मात्र लहान असू द्या. या आठवड्यात आणखी दोन पालकांना विचारा, तिघे मिळून मुख्याध्यापकांना किंवा अभ्यासिकेच्या ताईंना भेटा, आणि एक वार नक्की करून या. वर्षभर पाळता येईल असाच वार निवडा.